वादी दोन भोकं सैल

१४ जानेवारी

रेइनो, तुझे दात घशात घातले नाहीत तर नावाचा आर्वो नाही!

गेल्या हिवाळ्यात माझ्या गॅरेजात बसून माझीच कॉफी ढोसली. माझ्या स्नोमोबिलचं, बर्फावरच्या गाडीचं, मागचं सस्पेन्शन वाकून वाकून बघितलं. स्प्रिंगला ताण किती, सस्पेन्शन ओढून धरणारी वादी कुठल्या भोकात — सगळं डोक्यात साठवलं, आणि माझ्याच मापांवर माझ्या डोळ्यांदेखत शर्यतीचा कप नेला. वर क्लबात म्हणतो, "आर्वोचं वय झालं आता." आणि हा शेजारी म्हणे! गोगलगाय नि पोटात पाय.

१९ जानेवारी

बाहेर हाडं गोठतायत. शॉक-अब्सॉर्बर उतरवून तेल बदललं. बूट, हेल्मेट सगळं चढवून गाडीवर बसलो — मागची बाजू फार बसते. स्प्रिंग आवळली. मग वादी आवळली. खरी मेख या वादीत आहे. आवळली की वजन पुढच्या स्कींवर येतं, गाडी वळणावर बर्फ धरते. सैल सोडली की सरळ वाटेवर लोण्यासारखी पळते, आणि वळणावरही सरळच जाते!

२० जानेवारी

डोक्यात किडा वळवळतोय. झोप नाही.

२४ जानेवारी

शनिवार. रेइनोकडे सौनाची वाफ घ्यायला. वरच्या बाकावर दोघंच. आजोबा सांगायचे, सौनात चर्चमध्ये बसल्यासारखं बसावं, तिथं खोटं बोलू नये. अख्ख्या गावात तिथं कोणी खोटं बोलत नाही.

तापल्या दगडांवर पाणी ओतत रेइनो अगदी सहज, "यंदा गाडी कशी लावलीयस रे?"

"वादी दोन भोकं सैल. मागची स्प्रिंग मऊ."

"काय सांगतोस! आणि वळणाला?"

"गोठलेल्या तळ्यावर पळवून बघ, मग बोल."

जीभ अडखळली नाही! घरी शीळ घालत आलो.

२७ जानेवारी

सिल्वीचा फोन. "बाबा, शनिवारी शर्यतीला येतेय. एक गंमत आहे, आत्ता सांगणार नाही." ये पोरी, ये! लहानपणी 'रेइनोकाका, रेइनोकाका' करत त्याच्याच गाडीवर शिकलीस ना? काकाची फजिती बघून जा.

३१ जानेवारी, दुपार

जिंकलो!! रेइनोची पिवळी गाडी सुरुवातीलाच ओळखली. तोंड हेल्मेटात, पण हात केला त्यानं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. सरळ वाटेवर माझ्या शेपटीला चिकटून होता. झाडांजवळच्या वळणावर मान वळवून बघितलं — गाडी वळलीच नाही. थेट झाडांत! मी मोठ्यानं हसलो. करावं तसं भरावं, रेइनो.

खिम्याची पेस्टी खात लिहितोय. सिल्वीचा पत्ता नाही अजून.

हा कोण पळत येतोय? रेइनो? अंगात साधा कोट, डोक्यावर टोपी. मग पिवळ्या गाडीवर कोण होतं?

१ फेब्रुवारी

सिल्वीचं मांडीचं हाड मोडलंय. पाठीबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत.

गुडघा दुखतो म्हणून रेइनोनं गाडी तिला दिली होती. वादी त्यानं आवळूनच ठेवली होती. माझं सौनातलं माप सांगून "म्हातारा थापा मारतोय," म्हणाला तिला. हिनं शुक्रवारी स्वतः सैल केली. म्हणाली, "काका, बाबा सौनात खोटं बोलणार नाही."

मघाशी शुद्धीवर आली. माझा हात धरून म्हणते, "बाबा, तुझं माप बरोबरच असणार. माझंच काहीतरी लावायचं चुकलं."