रिपीटरची आई

लातूर,
१७ फेब्रुवारी २०१९

प्रिय गोदे,

नमस्कार. आम्ही मायलेक खुशाल. तुझं आणि शाळेतल्या तुझ्या त्या द्वाड पोरांचंही बरं चाललं असेल. संगमेशची बारावी गुरुवारपासून सुरू, आणि मे महिन्यात ती डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा. त्यामुळे आमच्या घरात सध्या हसायला मनाई आहे.

फोन सोडून पत्र काय लिहितेस, असं म्हणशील. अगं, या एका खोलीत बोलायला आडोसा नाही. मी 'हॅलो' म्हटलं की कोपऱ्यातल्या पोराचं पाठांतर तुटतं. बाहेर गल्लीत जावं तर तिथे सगळ्या आयाच. हिमायतनगर, उदगीर, देगलूर, कुठून कुठून बाया नवरा-घर मागे ठेवून लेकराला रांधून घालायला इथे येऊन राहिल्यात. मी धर्माबादहून आले त्याला आता दोन वर्षं होतील. पोरं क्लासला गेली की या सगळ्या ओट्यावर बसून ज्वारी निवडतात आणि आपापल्या लेकराचे टेस्टमधले मार्क सांगतात. मी जात नाही, म्हणून मला गर्विष्ठ म्हणतात. खरं कारण तुला सांगते, पण हसायचं नाही. मी खोलीत बसून गणित शिकते.

झालं असं, की डिसेंबरात मी संगमेशला सहज म्हटलं, तुझ्याएवढी असताना मीपण याच लातुरात बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं. त्याला वाटलं मी थापा मारते. तुझं नाव सांगितलं, आपल्या हॉस्टेलचं सांगितलं, भूकंप झाला आणि शिक्षण सुटलं हेही सांगितलं. मग त्यानंच मोबाइलवर एक कोर्स काढून दिला. फुकट आहे. कॉलेजचं गणित हातात घेण्याआधी जे जे यायला हवं ते सगळं पहिल्यापासून शिकवतात. मास्तर कुठल्याशा परदेशी विद्यापीठातला, इंग्रजीत बोलतो, पण सावकाश. नळाला पाणी आलं की मी त्याला मध्येच थांबवते, हंडे भरून घेते आणि मग म्हणते, हं, बोला आता. तोही जिथे थांबला तिथून बोलायला लागतो, कुरकुर नाही. असा नवरा मिळायला हवा होता.

पहिल्याच चाचणीत आपटले. दोन वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं होतं. मी दोघांची वेगवेगळी मुळं काढली आणि मिळवून टाकली. मास्तर म्हणाला, तीन आणि चार घालून बघा. बघितलं. यायला हवेत पाच, माझे आले सात. कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आता फलनांपर्यंत येऊन पोचले आहे, आणि गोदे, परवा एक आलेख मनासारखा उतरला तर त्या आनंदात माझं जेवायचंच राहून गेलं.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. हे महिन्यातून एकदा येतात. मिरचीच्या आडतीवरून तसेच निघतात, त्यामुळे खोलीभर तिखटाचा खकाणा उठतो आणि आम्ही तिघंही शिंकत बसतो. "काय डॉक्टर!" म्हणून पोराच्या पाठीवर थाप मारतात. नवसानं झालेला एकुलता एक, त्यांचं तरी काय चुकलं? मला विचारतात, "दूध चांगलं मिळतंय का इथं?" मी मिळतं म्हणते.

संगमेश येईल आता. भाकरी टाकायच्यात.

तुझी,
तारामती

*

लातूर,
९ जून २०१९

प्रिय गोदे,

नमस्कार. नांदेड तापलं असेल, लातूरही तसंच आहे. पाण्याच्या टँकरवर बायकांची भांडणं चालू आहेत आणि त्यात मी मागे नाही.

तू फोन केलास तेव्हा 'ठीक' म्हणाले. ठीक नाही. संगमेशचं झालं नाही. म्हणजे थोडक्यात हुकलं असंही नाही, चांगलंच हुकलं. निकाल पाहिला, मोबाइल पालथा ठेवला, तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "आई, जेवायला काय केलंस?" जेवण झाल्यावर म्हणाला, "मला आता रिपीट न्हाई करायचं. मला अप्पासंगं आडतीवर बसायचंय. खरं सांगू, मला तेच येतं."

आणि ते खरं आहे. सुट्टीत गेला की मूठभर मिरची कानाशी हलवून सांगतो, वाळली का नाही. ह्यांच्या हमालांना ह्यांच्यापेक्षा पोरगा आवडतो.

पण हे फोनवर इतके तापले! "आडत काय पळून चालली का? आजकाल रिपीटरच डॉक्टर होऊन राहिलेत. एक साल अजून मारायचं म्हणावं. तू समजाव त्याला, तुझं ऐकतो तो."

मी समजावलं. चांगलं दोन दिवस समजावलं. आयुष्यात एक वर्ष म्हणजे काय, असं मीच त्याला म्हणाले. शेजारच्या बाईचा पोरगा दुसऱ्यांदा बसला आणि लागला, तो दाखला दिला. शेवटी रडलेसुद्धा. आईनं पोराचं हितच पाहायचं असतं ना गोदे? तो हो म्हणाला. रिपीटरच्या बॅचला नाव घातलं, परवापासून जातोय.

आता माझी एक गंमत. कोर्स संपत आला, त्रिकोणमिती तेवढी राहिली. त्या भरात एक दिवस भाजीची पिशवी घेऊन तशीच एका कॉलेजात शिरले. ऑफिसातल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पाल्याचं नाव?" मी म्हटलं, पाल्य नाही, मीच. तेव्हा त्यानं मान वर केली. मग त्यानं गणिताच्या सरांकडे पाठवलं. मला वाटलं, सर हसतील. ते म्हणाले, "या की ताई. सगळी पोरं क्लासेसला, नुसत्या गणिताला येतंय कोण आता? निम्मे बाक रिकामे असतात." बारावीच्या मार्कांचा कागद मागितला. तो माझ्याकडे आहे. लग्नात नेलेल्या ट्रंकेत तळाशी घातला होता, इकडे येताना का कोण जाणे, तोही बरोबर आणला.

म्हणजे जमू शकतं. लातुरात राहिले तर.

बाकी विशेष काही नाही. उत्तराची घाई करू नकोस.

तुझी,
तारामती

*

लातूर,
३० जून २०१९

प्रिय गोदे,

आज खुशालीचं काही लिहीत नाही. मागच्या पत्राचं तू उत्तर दिलं नाहीस, फोनवरही नेहमीसारखी बोलली नाहीस. तू ओळखलंस. तू शाळेत पोरांच्या वह्या तपासतेस, तुला गाळलेली पायरी दिसणारच.

तर लिहूनच टाकते. संगमेशचा निकाल पाहिला तेव्हा मला आनंद झाला. वाईट वाटलं ते नंतर. त्याचा चेहरा उतरत होता आणि माझ्या मनात आलं, आणखी एक वर्ष! म्हणजे धर्माबादला परत जायला नको, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा नकोत, दुकानातून चहाची आरोळी नको. ही खोली, ही दुपार, हे गणित. पोराला जन्म देताना जे मागितलं नव्हतं ते मी त्याच्या नापास होण्यातून मागून घेतलं. आणि वर त्याच्यासमोर रडले. ह्यांना निदान खरंच वाटतं की तो डॉक्टर होईल. मला तेही वाटत नव्हतं.

गेल्या सोमवारी तुरीची डाळ आणायला मार्केट यार्डात गेले होते. क्लासची वेळ. पाहते तर एका आडतीच्या ओट्यावर, पोत्यांच्या थप्पीवर पाय सोडून आमचे रिपीटर बसलेले! सौदा चालू होता. हमालांशी काहीतरी बोलून तो इतका मोठ्यानं हसला, की मी तिथेच उभी राहिले. या पोराला हसू येतं हे मी विसरूनच गेले होते. हाक मारली नाही. डाळ न घेताच परत आले.

जेवायला वाढलं आणि सगळं सांगून टाकलं. जसं तुला लिहिलं तसंच. मला वाटलं, ताटावरून उठेल. तो खाली बघून भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मला म्हाईत होतं. निकालाच्या दिवशी तू भाकरी थापताना गुणगुणत होतीस."

मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"म्हणून तर गेलो बॅचला," तो म्हणाला. "म्हणलं, एक साल जाऊ दे. तुझं तरी होईल."

गोदे, आमच्या अण्णांनी बाप असून मला न विचारता माझं कॉलेज सोडवलं, म्हणून सारा जन्म मी त्यांच्यावर दात धरला. मी तर पोराच्या तोंडून हो वदवून घेतलं. रात्र कशीबशी काढली आणि सकाळी पहिला फोन ह्यांना केला. म्हटलं, संगमेश डॉक्टर होणार नाही, त्याला घरी न्या, आडतीवर बसवा, त्याच्यासारखा आडत्या तुम्हाला मिळायचा नाही. पलीकडे त्यांनी आधी हमालांचा गलका थांबवला. मग म्हणाले, "शुक्रवारी टेम्पो घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

त्याच दिवशी कॉलेजात जाऊन नाव घातलं. मध्ये खंड पडला तर कोर्टाच्या आवारातून तसं प्रतिज्ञापत्र आणावं लागतं. तिथल्या लिहिणाऱ्यानं विचारलं, "गॅप कधीपासून?" म्हटलं, त्र्याण्णवपासून. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "कारण काय घालू?" जिभेवर आलं होतं, भूकंप. सगळ्यांना तेच सांगत आले. पण तुला आठवतं ना, अण्णा हॉस्टेलवर जीप घेऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, घर पडलं का? ते म्हणाले होते, घराला काही नाही झालं, पण आता पोरी बाहेर ठेवायच्या नाहीत. दिवाळीनंतर लग्नच लावून दिलं. म्हणून त्या माणसाला म्हटलं, लग्न लिहा. तो म्हणाला, "लग्न हे काय कारण हाय का बाई? घरगुती अडचण लिहितो." आणि लिहिलं त्यानं.

शुक्रवारी हे आले. सामान चढलं. संगमेश पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. गल्लीतल्या सगळ्या आया निरोपाला ओट्यावर. हे म्हणाले, "बस की. कुणाची वाट बघून राहिली?"

मी म्हटलं, मी येत नाही. मी कॉलेजात नाव घातलंय.

"कुणाचं?"

"माझं."

आधी हसले. मग त्यांना माझी ट्रंक दारातच दिसली. "शिवप्पा आडत्याची बायको पोरीबाळींत बसून शिकणार? आडतीवर काय सांगू मी लोकांना?" आवाज चढवला नाही, तेच मला जड गेलं. टेम्पोत चढताना म्हणाले, "यायचं तवा ये. मी न्यायला येणार न्हाई." संगमेशनं खिडकीतून हात बाहेर काढला होता. वळणापर्यंत तो हात तसाच होता.

वाटलं होतं, एवढं झालं की मोकळी होईन. कुठली मोकळी! दुसऱ्या दिवशी दारात घरमालकीण बसम्माकाकू उभ्या. "पोरगं गेलं, आता खोली सोडा. एकट्या बाईला मी ठेवत न्हाई. शिकणारं लेकरू अन् त्याच्यासंगं कुणीतरी थोरलं, असा माझा नियम हाय, तुम्हाला म्हाईत हाय."

मी कॉलेजची पावती दाखवली. म्हटलं, शिकणारी मीच आहे. गल्लीतल्या चार रिपीटर पोरांचे डबे धरलेत, भाडं वेळेवर मिळेल.

काकूंनी पावती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाल्या, "बरं, तुम्ही शिकणार. मग तुमच्यासंगं कोण राहणार?"

गोदे, मला हसू आलं आणि मग हुंदकाच फुटला. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, आणि माझी जबाबदारी घेणारं माणूस शोधत होते. आई-अण्णा नाहीत. भावाचा सकाळीच फोन येऊन गेला, मुकाट्यानं धर्माबाद गाठ म्हणाला. नवऱ्याचा नंबर कोणत्या तोंडानं देऊ? काकू जरा विरघळल्या. "संग राहिलं न्हाई तरी चालंल," म्हणाल्या, "पण पालक म्हणून एक नाव पायजे. रात्रीबेरात्री काही झालं तर हाक मारली की येणारं." मी तुझं नाव आणि नंबर दिला. नातं काय, विचारलं. मैत्रीण म्हटलं तर मान हलवली. "मैत्रीण चालत न्हाई. घरचं माणूस पायजे."

मग मी थोरली बहीण सांगितलं. तू माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहेस, तेवढं सांभाळून घे.

उद्या-परवा त्यांचा फोन येईल. विचारतील, तारामतीची जबाबदारी तुमची का? हो म्हणायचं नसेल तर मी समजेन. आईनं पोराशी असं वागल्यावर तुला माझी लाज वाटली असेल तर तेही समजेन. पण मला आधी काही कळवू नकोस. जे सांगायचं ते काकूंनाच सांग. त्यांनी दार उघडं ठेवलं की मला कळेल.

तुझी धाकटी,
तारामती