गास्पारकाकांचे लाकडी जोडे

बोर्दो, मंगळवार

तीर्थरूप होनोरीनताईस, धाकट्या इव्हारिस्तचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बदकं पुन्हा अंडी घालायला लागली का? मी ठीक आहे, निदान डॉक्टर तरी तसं म्हणतात.

शनिवारी आमच्या बॅलेचा यंदाच्या हंगामातला पहिला प्रयोग. तोच गं, खेड्यातली पोर शेतकऱ्याच्या पोरावर भाळते आणि विधवा आई तिला कोंडून ठेवते. आईचं काम पुरुषानेच करायचं, लाकडी जोडे घालून नाचायचं, ही जुनी रीत. तीस वर्षं ते गास्पारकाकांनी केलं. फेब्रुवारीत ते गेले आणि काम माझ्याकडे आलं. (एकोणीस वर्षं मी त्याच खेळात गवताची पेंढी उचलत होतो.) जमलं नाही तर मी कायमचा घरी, असं नृत्यमास्तरांनी गोड शब्दांत सांगितलंय.

आता हसू नकोस. काकांचे जोडे मला अगदी बेतून केल्यासारखे बसतात. पण तालमीत मी थांबलो तरी ते थांबत नाहीत, आणखी दोन ठोके पडतातच. मुलीचं काम करणारी क्लेमांस (एरवी तिला तिच्या त्या शेतकऱ्याखेरीज कुणी दिसत नाही) माझ्या पायांकडे बघून पांढरी पडली. म्हणाली, "इव्हारिस्तकाका, शेवटच्या दोन टाचा गास्पारकाकांच्या होत्या. ते अशाच मारायचे."

मी रंगमंचाच्या फळीला दोष दिला. सुताराने तपासली, फळी पक्की निघाली. जोडे मी कपाटात कुलपात ठेवतो. सकाळी ते दाराशी असतात, तोंड बाहेर करून. मला भीती वाटते, ताई.

तुझा,
इव्हारिस्त

ता. क. आमच्या मंडळीत आईचं काम करणाऱ्याला त्याच्या जोड्यांसकट पुरतात. काकांच्या शवपेटीचं झाकण लावायचं काम माझ्याकडे होतं. त्यांच्या पायात माझे जुने जोडे आहेत. (एक नंबर लहान, मलाही चावायचे.)

पुन्हा ता. क. काका आपल्याच गावच्या चर्चमागे आहेत. सोबतच्या पेटाऱ्यातले जोडे तिथे मातीत ठेव आणि माझ्या वतीने माफी माग.

शेवटचं. पेटारा पाठवत नाही. आजच्या तालमीत भीतीने माझे पाय गारठले, मी स्वतःहून एकही पाऊल टाकलं नाही. अख्खा नाच जोड्यांनी केला. मास्तरांनी मला मिठी मारून डोळे पुसले. तेव्हा माफीचं राहू दे. काकांना एवढाच निरोप दे, की शनिवारी वेळेवर या, टाळ्या पडल्यावर वाकायचं तेवढं मी बघतो.