दुबईतला दीड तास

रविवार, ११ जानेवारी
जर्सी सिटी

पुण्याहून परतताना दुबईत दोन दिवस थांबलो, त्याला आता आठवडा झाला. आज संध्याकाळी निखिल लॅपटॉपवर तिथले फोटो लावत बसला आणि माझी उगाच चिडचिड सुरू झाली. उगाच कसली, कारण मला माहीत आहे.

त्या उंच टॉवरच्या दाराशी आमची ईरा स्ट्रोलरमध्ये झोपली. दोन वर्षांच्या पोरीला उठवणार कोण? निखिल म्हणाला, "तू आधी जाऊन ये, मग मी जातो. वीस मिनिटं." मी वर गेले आणि दीड तास राहिले. फोन डायपर बॅगेत, म्हणजे खालीच. कडेवर कुणी नाही. मी काचेला टेकून नुसती समुद्र बघत होते. खाली आले तर ईरा रडून लाल झालेली आणि निखिलच्या तिकिटाची वेळ टळलेली. म्हटलं, "लिफ्टला लाइन होती." लाइन नव्हतीच. दीड तास!

खोटं का बोलले? त्या दोघांची आठवणसुद्धा आली नाही म्हणून?

आज शेवटी सांगून टाकलं. तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "माहीत होतं. तुझ्यानंतर वर गेलेले लोक तुझ्याआधी खाली आले."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खूप दिवसांनी हसत येत होतीस यार."

रागावला असता तर सोपं होतं. खूप दिवसांनी म्हणजे किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.