मोठ्यानं केलेली प्रार्थना

अप्पा, गेले सहा महिने चर्चमध्ये तुमच्या जागेवर मी उभा राहतोय. वेदीच्या डाव्या अंगाला, पायरीच्या खाली. उपदेश संपून शेवटचं गीत सुरू झालं की ज्यांच्या मनात काही असतं ते बाकावरून उठून पुढं येतात, आणि आपण त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, पुरुषांसाठी पुरुषांनी, बायकांसाठी बायकांनी. हे तुम्हाला काय सांगायचं, तुमचंच काम ते. तुम्ही गेलात तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आता तेवीस पूर्ण झाली, आणि मी लोकांसाठी प्रार्थना करतो म्हटल्यावर आई अजून तोंडाला पदर लावून हसते. तिचं चूक नाही. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. हजेरीवरून सरांशी वाजलं, वही आपटून बाहेर पडलो आणि परत गेलोच नाही. एकदा माफी मागितली असती तर मिटलं असतं, पण ते मला फार उशिरा कळलं. आता कोप्पीकर रोडला एका दुकानात मोबाइलच्या फुटलेल्या काचा बदलतो. पाळकसाहेबांनी या कामाला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, “साहेब, माझं डोकं लगेच तापतं.” ते म्हणाले, “म्हणूनच तर. आठवड्यातनं पंधरा मिनिटं दुसऱ्याचं ऐकून घे.”

रविवारी सकाळी केशवापूरच्या आपल्या घरात उप्पीट तुम्ही करायचात, आणि त्यात कांदा नसायचा. माणसाच्या तोंडाजवळ उभं राहून प्रार्थना करायची, वास यायला नको, म्हणून. निघताना एक वेलदोडा दाढेत धरायचात. त्या स्वयंपाकघरातली एक सकाळ मला अजून टोचते. शेजारच्या अक्का रडत आल्यात, त्यांचा मुलगा चार दिवस घरी आलेला नाही. तुम्ही मला म्हणता, “आज तू कर प्रार्थना.” मी डोळे मिटतो आणि सुटतोच. देवा, तो दारू पितो, पत्ते खेळतो, आईला शिव्या देतो, त्याला अक्कल दे. अक्का आमेन म्हणून डोळे पुसत जातात. मग तुम्ही गॅस बारीक करता आणि विचारता, “अक्कांनी काय मागितलं होतं?” मी म्हणतो, “तो घरी यावा.” “दारूचं काही बोलल्या?” “नाही. पण पितो की तो.” “मग ती प्रार्थना नाही झाली. देवाजवळ चहाडी झाली. मागणं त्यांचं, आपण नुसता आवाज द्यायचा. पदरचा एक शब्द घालायचा नाही.” तुम्ही आवाजसुद्धा चढवला नव्हतात, तरी त्या दिवशी मी उप्पीट तसंच ताटलीत ठेवून उठलो.

आता आजचं सांगतो. गायकांच्या बाकावर एक मुलगी बसते. दीड वर्ष झालं, तिच्या तालमीच्या दिवशी मी दुकानातून लवकर सुटतो आणि गेटपाशी गाडी पुसत उभा राहतो. गाडी आठ वर्षांची जुनी, पण आख्ख्या हुबळीत एवढी लखलखीत दुसरी नसेल. तिला सगळं माहीत आहे. ती नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. त्यातच तीन आठवड्यांपूर्वी तिच्याशी हसून बोलणाऱ्या एका पोराची मी कॉलर धरली. तो तिचा मावसभाऊ निघाला. तेव्हापासून ती माझ्याकडं बघतही नव्हती.

आज शेवटचं गीत संपत आलं आणि तिचे वडील उठले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा जन्म गेला, तिथंच कान गेले, आता गुडघेही गेलेत. बाक धरत धरत ते नेमके माझ्यासमोर येतात. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारतो, “काय मागू, काका?” ते आपल्याकडून हळूच बोलतात, पण बहिऱ्या माणसाचं हळू केवढं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. “मुलीला धारवाडचं स्थळ आलंय. मुलगा बँकेत आहे. गुरुवारी बघायला येणारेत. जमू दे म्हणून माग.” गायकांचा बाक तिथून सहा पावलांवर. बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. आणि काकांना ऐकू जायचं तर मलाही तेवढ्याच मोठ्यानं मागायला हवं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हटलं, “प्रभू, या लेकीचं मन जिथं आहे, तिथंच तिचं जमू दे.”

काकांनी एक डोळा उघडला. “मी असं कुठं म्हटलं? धारवाड म्हण की. सुम्ने, गुमान सांगितलं तेवढं माग.”

अप्पा, माझे कान तापले. मग तुमचं तुम्हीच मागा, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांनी डोळा परत मिटून घेतला होता, आणि पुढच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून दुखऱ्या गुडघ्यांवरचा भार हातांवर घेतला होता. तेवढा वेळ ते माझ्यासाठी, म्हणजे माझ्या आवाजासाठी, उभे होते. मी पुन्हा सुरुवात केली. “प्रभू, काकांच्या लेकीला धारवाडचं स्थळ आलंय. मुलगा बँकेत आहे. गुरुवारी येणारेत. जमू दे.” एक शब्द माझा नाही. आवाजही कुठं खाली आणला नाही. “हां, आत्ता बरोबर,” काका म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून बाक धरत धरत परत गेले.

नंतर दारापाशी मी चपला घालत होतो, तर ती शेजारी येऊन तिच्या शोधायला लागली. खाली बघतच म्हणाली, “एवढं ओरडून मागायची काय गरज होती?” मी म्हटलं, “काकांना ऐकू येत नाही.” “देवाला येतं,” ती म्हणाली आणि गेली. रागात म्हणाली की हसून, ते मला सांगता यायचं नाही, पण तीन आठवड्यांनी बोलली. जेवून उठल्यापासून मी विनाकारण खुशीत आहे. आईनं दोनदा विचारलं, काय झालं रे. गुरुवारी धारवाडची माणसं येतील, जमेल किंवा नाही जमायचं. तरी पुढच्या रविवारी मी तिथंच उभा राहणार, आणि काका पुन्हा आले तर ते सांगतील तेच मागणार.

हे पत्र तुमच्या हातात पडणार असतं, तर तुमच्या पोरानं आज प्रार्थना बरोबर केली एवढंच लिहून थांबलो असतो. पडणार नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. दुसऱ्या वेळी शेवटचं आमेन काकाच म्हणाले. मी तोंड उघडलं होतं, पण ते निघालं नाही, आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.