चहा निवायच्या आत

चिरंजीव धाकट्यास, ताईचे आशीर्वाद.

तुम्ही त्या आंतरराष्ट्रीय समितीचे चौघे माझ्याकडे चहाला जमला होतात, आठवतं? चौघेही एकाच कॉलेजचे, एकाच सरांच्या हाताखालचे. "तू लिही, मी सही करतो," म्हणत चहा निवायच्या आत तुम्ही चाळीस देशांतल्या पतसंस्थांचा नियम ठरवलात: हिशेबनीस पदवीधरच हवा. त्या नियमाने आता आमची बायकांची संस्था बंद होतेय, कारण वह्या ठेवणारी मी नुसती मॅट्रिक. देवाच्या कृपेने वीस वर्षांत पैचा घोळ नाही.

सगळ्याजणी म्हणतात, "भाऊ तुझाच ना? टाक की एक शब्द." म्हणून लिहायला बसले. पण तुझ्या ओळखीने सुटले, तर मीही तुमच्यातलीच पाचवी. तेव्हा पत्र टाकत नाही, तेवढंच तिकीट वाचलं. संस्था बंद करण्याआधी तुमच्या समितीपुढे सुनावणी आहे, तिथे वह्या घेऊन स्वतः येते. तिथे मला ताई म्हणू नकोस.

संस्थेची हिशेबनीस