हात टेकव, दाबू नकोस

तीर्थरूप बाबांना नमस्कार. शिलाई मशीन थांबवून, चष्मा लावूनच वाचा.

मी मजेत आहे. नोकरी ठीक, जेवण वेळेवर. मनगट जरा दुखतं, पण आईला सांगू नका.

इलेक्ट्रिक गिटारचा क्लास चालू आहे. हसू नका! महिनाभर एकाच गोष्टीवर अडलो होतो. उजव्या तळहाताची कड तारांच्या बुडाशी टेकवून वाजवायचं, म्हणजे आवाज दबका, घट्ट येतो. माझा नुसता ठकठक यायचा, फळीवर टिचक्या मारल्यासारखा. परवा सर वैतागले, "अरे, हात टेकव, दाबतोस कशाला?"

बाबा, मी चमकलोच. सुईखाली कापड सरकवताना तुम्ही हेच ओरडायचात. मी दाबून धरायचो, टाके गोळा व्हायचे आणि तुम्ही उसवत बसायचात.

मग तारांवर कापडच आहे असं समजून हात सैल सोडला. असा आवाज आला, की सरांनी मान डोलावली.

तुमच्या हाताची थरथर कशी आहे? खरं सांगा. सुट्टीत येतोय. लांब शिवणी माझ्यासाठी ठेवा. या वेळी उसवावं लागणार नाही.

तुमचा धाकटा