नाडी नसलेले बूट

प्रिय ताई,

तुझ्या तापट भावाचा तुला वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. गोदामातल्या सुपरवायझरशी अजून तरी भांडलो नाही. जिच्यापायी कॉलेज सोडून इथवर आलो, ती काल माझ्याकडे बघून हसली. बहुतेक माझ्या टोपीला हसली असावी.

तुझ्या गुडघ्याचा पट्टा निघाला का? पळायची घाई करू नकोस. पण मग सकाळी बाबांसोबत कोण पळतं? सगळ्यात हळू पळणारा पुढे, हा आपला नियम एकट्याने कसा पाळायचा?

आई फोनवर हसत म्हणाली, "अरे, त्यांच्या बुटाची नाडी सारखी सुटते म्हणे, म्हणून घरी यायला उशीर होतो."

हृदयाच्या ऑपरेशनच्या आधीही छातीत दुखलं की बाबा नाडी बांधायला वाकायचे, आपल्याला कळू नये म्हणून. आणि ताई, त्यांच्या नव्या बुटांना नाडीच नाही! वाकावं लागू नये म्हणून चिकटपट्टीचे मीच आणले होते.

फोन आईच उचलते, म्हणून पत्र लिहितोय; तिला घाबरवू नकोस. पत्र मिळताच त्यांना डॉक्टरांकडे ने. ओरडले तर माझं नाव सांग. माझ्यावर ओरडायची त्यांना सवय आहे, आणि मला ते ऐकायचंय.

तुझाच,
धाकटा